सूर्यावरचे डाग मोजतो पण आकडा साइटशी जुळतच नाही, नागपुरातून कोणी बघतं का?

गच्ची_त्रिमूर्तीनगर

नमस्कार मंडळी, थोडं लांब लिहून राहिलोय पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही. माझी मुलगी आठवीत आहे. दिवाळीनंतर रमण विज्ञान केंद्रात तारांगणाचा शो पाहायला गेलो होतो तेव्हापासून तिच्या डोक्यात सूर्यच बसलाय, मग ७० मिलिमीटरची साधी दुर्बीण घेतली आणि पुढच्या भिंगावर सोलर फिल्टरची फिल्म पुठ्ठ्याच्या कड्यात बसवून घट्ट लावली. जानेवारीपासून ती रोज सकाळी साडेसात-पावणेआठला गच्चीवर जाते, कूलरच्या टाकीच्या सावलीत स्टूल टाकून बसते, वहीत कंपासने १५ सेंटीमीटरचं वर्तुळ काढते आणि दिसेल ते डाग पेन्सिलने जागच्या जागी मांडते. शाळेच्या आधी वीस मिनिटं. ढग असले तर तेवढीच सुट्टी.

आता अडचण. मागच्या आठवड्यात तिने ४ गट आणि त्यात १७ डाग मोजले, आम्ही सूर्याच्या डागांचा रोजचा आकडा देणाऱ्या साइटवर पाहिलं तर त्या दिवशीचा आकडा ९८! म्हटलं १७ कुठे आणि ९८ कुठे, एवढे डाग आपल्याला दिसलेच नाहीत का. दुसरं म्हणजे तिच्या वहीत डाग रोज उजवीकडून डावीकडे सरकतात आणि साइटवरच्या फोटोत डावीकडून उजवीकडे. तिसरं, एक मोठा डाग तिने कडेला जाईपर्यंत पाहिला, दोन आठवड्यांनी दुसऱ्या कडेवर तसाच मोठा आला पण साइटवर त्याला वेगळाच नंबर, मग तो तोच की दुसरा? आणि फ्लेअर, म्हणजे सूर्यावरचा अचानक होणारा स्फोट, आमच्या दुर्बिणीतून कधी दिसेल का हे ती रोज विचारते.

एक गोष्ट माझ्याकडून झाली तीपण सांगतो. परवा मीच तिला म्हटलं की फोटो बघून राहिलेले डाग भरून घे, आणि एक बारका ठिपका तिने काढला होता तो फोटोत नव्हता म्हणून खोडायला लावला. तेव्हापासून ती रुसली आहे, म्हणते फोटोच बघून काढायचं असेल तर मी गच्चीवर जाऊ कशाला. मला वाटते तिचं बरोबर आहे पण मग आकडा कसा जुळवायचा ते जाणकारांनी सांगा न.

धरमपेठ_सकाळ

भाऊ, सगळ्यात आधी तिला सांगा की वहीला आता खोडरबर लावायचं नाही. चुकलं वाटलं तर बाजूला टीप लिहायची, पण डोळ्यांनी पाहिलेलं खोडायचं नाही. मी पंचवीसेक वर्षं हे करतोय आणि सुरुवातीच्या दोन वर्षांच्या वह्या माझ्या काहीच कामाच्या राहिल्या नाहीत कारण मी हेच केलं होतं, फोटोशी जुळवून घेत होतो, आता त्यातलं माझं कुठलं आणि फोटोतलं कुठलं हे मलाच सांगता येत नाही.

आता आकड्याचं. साइटवरचा ९८ म्हणजे ९८ डाग नाहीत. १८४८ साली रुडॉल्फ वोल्फ नावाच्या स्विस खगोलशास्त्रज्ञाने हे माप बसवलं, गटांची संख्या गुणिले १० आणि त्यात सुटे डाग मिळवायचे. का, तर सूर्यावर नवा गट उगवणं ही मोठी घटना आहे, गटात एक बारका ठिपका वाढणं तेवढी मोठी नाही. तर तुमच्या लेकीचे ४ गट म्हणजे ४०, अधिक १७, झाले ५७. म्हणजे फरक १७ आणि ९८ मधला नाहीच, ५७ आणि ९८ मधला आहे, आणि ७० मिमीच्या दुर्बिणीला सकाळच्या वीस मिनिटांत ५७ म्हणजे पोरीने चांगलंच पाहिलंय.

राहिलेला फरक दुर्बीण, हवा आणि डोळा यांचा. त्याच्यासाठी वोल्फनेच सूत्रात एक गुणक ठेवलाय, ‘के’ म्हणतात त्याला. तुम्ही असं करा, ढग नसलेल्या वीस-पंचवीस दिवसांचे तिचे आकडे घ्या, त्या दिवसांचे साइटचे आकडे घ्या, रोजचा भागाकार काढून सरासरी काढा. येईल दीड-पावणेदोनच्या आसपास काहीतरी. तो तिचा के. ब्रुसेल्सला जिथे जगभरचे आकडे गोळा होतात तिथे वेधशाळांबरोबर घरून बघणारे हौशी लोकही आकडे पाठवतात आणि प्रत्येकाचा के वेगळा असतो, कोणाला कमी दिसतं म्हणून कोणी बाद होत नाही. बाद होतो तो आज एक पद्धत आणि उद्या दुसरी असं करणारा. म्हणून तीच दुर्बीण, तोच आयपीस (डोळ्याजवळचं भिंग), शक्यतो तीच वेळ. तुमची वेळ तर फारच छान आहे. एक तर नागपुरात नऊनंतर सिमेंटच्या गच्च्या तापल्या की हवा उकळल्यासारखी हलते, सूर्याची कड पाण्यात पडल्यासारखी थरथरते आणि बारके डाग त्यातच विरघळतात. दुसरं म्हणजे अमेरिकेच्या नोआचं अवकाश हवामान केंद्र गटांची जी रोजची यादी काढतं त्यातल्या जागा ग्रिनिचच्या मध्यरात्रीच्या असतात, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचच्या, आणि यादी येते सहाच्या सुमारास. तुमची पोरगी वर जाते तेव्हा यादी दोन तासही जुनी नसते. अमेरिकेतल्या पोरांना ही सोय नाही.

दिशेचं कोडं सोपं आहे. तुम्ही दुर्बिणीला काटकोनी आरसा लावत असाल, त्याने चित्र आरशात पाहिल्यासारखं उलटतं. पण त्याच्यावर विसंबू नका, रोज स्वतः दिशा काढा. दुर्बीण हात न लावता सोडून द्या, सूर्य हळूहळू सरकत बाहेर जाईल, जी कड आधी बाहेर गेली ती पश्चिम. मग दुर्बिणीचं तोंड अगदी किंचित उत्तरेकडे, ध्रुवताऱ्याच्या बाजूला ढकला, जी कड आता आधी बाहेर जाते ती दक्षिण. दोन्ही खुणा वर्तुळाच्या बाहेर पेन्सिलने करायच्या, वेळ लिहायची, मग डाग. नवे डाग पूर्वेच्या कडेवरून वळून येतात आणि तेरा-चौदा दिवसांत समोरून जाऊन पश्चिमेला मावळतात. ही खूण असली की वही कशीही फिरवली तरी गोंधळ होत नाही.

नंबराबद्दल, मागे जाऊन परत आलेल्या गटाला नवाच नंबर मिळतो, कारण मागच्या बाजूला त्याचं काय झालं हे खात्रीने सांगता येत नाही, तो विझून त्याच जागी दुसराही उगवला असू शकतो. सगळ्यात गाजलेलं उदाहरण मे २०२४ चं. ३६६४ नंबरचा गट, पृथ्वीच्या पंधरापट रुंद, ग्रहणाच्या चष्म्यातून नुसत्या डोळ्याने दिसायचा, मी शेजारपाजाऱ्यांना सगळ्यांना दाखवला होता. तोच मागे जाऊन ३६९७ म्हणून आला आणि त्याच्या पुढच्या फेरीला ३७२३ म्हणून. हे नंबर खरं तर पाच आकडी आहेत, ५ जानेवारी १९७२ पासून मोजत मोजत २००२ मध्येच १०,००० झाले, पुढचा १ बोलताना सोडून देतात. तर तुमच्या डागाचं अक्षांश जवळपास तेच असेल आणि साधारण २७ दिवसांनी तो वर्तुळावर त्याच जागी आला तर तोच, असं वहीत प्रश्नचिन्हासकट लिहा.

आणि १५ सेंटीमीटरच्या वर्तुळात पृथ्वी काढायची झाली तर ती दीड मिलिमीटरसुद्धा नाही भरत. पेन्सिलीचं टोक बोथट झालं की जो ठिपका पडतो तेवढी. तिला एका कोपऱ्यात काढून ठेवायला सांगा, मग डागांकडे बघायची नजर बदलते.

रेडिओ_हिंगणा

धरमपेठ काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त फ्लेअरचं सांगतो कारण मी हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, आहे आणि आमचा त्याच्याशी रोजचा संबंध येतो.

तुमच्या पांढऱ्या उजेडाच्या फिल्टरमधून फ्लेअर दिसणं जवळजवळ अशक्य. जवळजवळ म्हणतोय कारण पहिला फ्लेअर असाच दिसला होता. १ सप्टेंबर १८५९, इंग्लंडमधे रिचर्ड कॅरिंग्टन सूर्याची प्रतिमा पडद्यावर पाडून डाग काढत बसला होता, म्हणजे तुमची मुलगी करते तेच, आणि एका मोठ्या गटात अचानक दोन पांढरे झगझगीत ठिपके उमटले. तो कोणाला तरी साक्षीला बोलवायला धावला, मिनिटभरात परत आला तोवर उजेड उतरायला लागला होता आणि पाच मिनिटांत सगळं संपलं. त्याच्यामागून आलेलं चुंबकीय वादळ पृथ्वीवर साडेसतरा तासांत पोचलं, आणि ते सगळ्यात नीट नोंदलं गेलं ते आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या वेधशाळेत, चुंबकीय क्षेत्र जवळपास १६०० नॅनोटेस्लाने खाली गेल्याची नोंद आहे तिथली. पुढे १९०४ ला मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ते चुंबकीय काम अलिबागला हलवलं, ते आजही तिथे चालू आहे.

एरवी फ्लेअर मोजतात तो एक्स-रे मध्ये, गोज नावाच्या उपग्रहांवरून. ए, बी, सी, एम, एक्स अशा पायऱ्या आणि प्रत्येक पायरी आधीच्या दहापट. एम ५ म्हणजे एम १ च्या पाचपट, आणि एक्स १ म्हणजे एम १ च्या दहापट. एक्सच्या पुढे अक्षर नाही म्हणून नुसते आकडे वाढत जातात. त्या उपग्रहांचा आलेख नेटवर फुकट दिसतो, मिनिटामिनिटाला रेघ पुढे जाते. मी तो शॅकमध्ये, म्हणजे माझ्या रेडिओच्या खोलीत, एका जुन्या मोबाईलवर उघडाच ठेवतो.

पण तुमच्या लेकीला खरा फ्लेअर ‘बघता’ आला नाही तरी ऐकता येतो. घरात शॉर्टवेव्हचा रेडिओ असेल तर काढा. फ्लेअरचे एक्स-रे आठ मिनिटं वीस सेकंदांत पृथ्वीवर पोचतात, दिवसाच्या बाजूला वरच्या हवेतला खालचा थर एकदम तापल्यासारखा होतो आणि शॉर्टवेव्ह गिळून टाकतो. ११ नोव्हेंबर २०२५ ला दुपारी साडेतीनच्या सुमारास एक्स ५.१ आला तेव्हा मी वीस मीटरच्या बँडवर होतो, एका स्टेशनशी बोलणं चालू होतं, आधी त्याचा आवाज दूर गेला, मग तो गेला, मग मागची खरखर पण गेली. मला वाटलं अँटेनाची केबल निघाली, वर जाऊन पाहून आलो, केबल जागेवर. खाली येऊन आलेख पाहिला तर रेघ उभी गेलेली. आधी वरच्या फ्रिक्वेन्सी परत येतात, खालच्या सगळ्यात शेवटी.

फक्त आपल्याकडे दिवस पाहिजे. १४ मे २०२४ चा एक्स ८.७ आपल्या रात्री सव्वादहानंतर झाला, नागपुरात रेडिओवर काहीच नाही. ३ ऑक्टोबर २०२४ चा एक्स ९ संध्याकाळी पावणेसहा वाजून गेल्यावर, सूर्य मावळायला जेमतेम पाव तास. म्हणून साइटवरच्या ग्रिनिच वेळेत साडेपाच तास मिळवून तिला वहीत आपली वेळ लिहायची सवय लावा, नाहीतर हे लक्षातच येत नाही.

मॅडम_महाल

मी भूगोल शिकवते. तुमच्या मुलीचं मला खूप कौतुक वाटलं, तिला नक्की सांगा.

एक विचारायचं होतं कारण वर्गात दरवर्षी मुलं विचारतात. नवतपा आला की घराघरात म्हणतात सूर्यावर स्फोट होऊन राहिले म्हणून एवढं तापून राहिलं, मागच्या वर्षी तर व्हॉट्सॲपवर आलं होतं की सौर वादळ आहे, रात्री मोबाईल बंद करून दूर ठेवा. मी सांगते की तसं नाही, पण आकड्यासकट सांगता आलं तर मुलांना पटतं.

धरमपेठ_सकाळ

मॅडम, बरं झालं विचारलंत. डाग सगळ्यात जास्त असतात तेव्हाचा सूर्य आणि सगळ्यात कमी असतात तेव्हाचा, यांच्या एकूण उजेडात फरक पडतो साधारण ०.१ टक्का. चौरस मीटरला १३६१ वॉट येतात त्यात एखाद्या वॉटचा फेर. आणि मुलांना गंमत वाटेल, डाग जास्त असतात तेव्हा सूर्य किंचित जास्तच तेजस्वी असतो, कारण डागांच्या आजूबाजूला जे उजळ पट्टे असतात ते डागांनी कमी केलेला उजेड भरून काढून वर थोडा देतात. डागसुद्धा काळे नसतातच, साडेतीन-चार हजार अंशांवर धगधगत असतात, बाजूचा पृष्ठभाग ५५०० अंशांचा म्हणून काळे वाटतात.

आपला नवतपा डोक्यावरच्या सूर्याचा. २६ मेच्या आसपास दुपारी नागपुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. समुद्र लांब, हवा कोरडी, पाऊस अजून यायचा. जुलैच्या १७ च्या सुमारास सूर्य परत तसाच डोक्यावर येतो पण तेव्हा ढग असतात म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. वर्गात एक उभी पाइप दाखवली तरी पुरे.

मोबाईलचं ते खोटं आहे. जोराच्या वादळात उपग्रह, जीपीएस आणि ध्रुवाकडच्या देशांतल्या वीजवाहिन्या यांना त्रास होतो, १३ मार्च १९८९ ला कॅनडात क्वेबेकची वीज नऊ तास गेली होती. उशीखालच्या मोबाईलला काही होत नाही. मे २०२४ च्या १० तारखेच्या रात्री वीस वर्षांतलं सगळ्यात मोठं वादळ आलं, लडाखात हानलेला आकाश लाल झालं, नागपुरात लोक कूलर लावून झोपले होते आणि सकाळी सगळ्यांचे मोबाईल चालू होते.

नवा_दुर्बीणवाला

मधेच लिहितोय, काकांनी एक गोष्ट ठळक सांगायला हवी होती. दुर्बिणीसोबत आयपीसला लावायचा जो छोटा काळा काचेचा सन फिल्टर येतो तो कोणीही वापरू नका. माझ्या ऑनलाइन घेतलेल्या दुर्बिणीसोबत आला होता, मी लावून पाहत होतो, टक् असा आवाज आला आणि मी दचकून मागे झालो, काचेला आरपार तडा. सगळी उष्णता एकवटून तिथेच पडते हे नंतर कळलं. अर्ध्या सेकंदावर डोळा वाचला. विकणाऱ्याला कळवलं तर उत्तर आलं की पॅकिंग उघडल्यावर परत घेत नाही. एक्स-रेची फिल्म पण नको, कितीही काळी दिसली तरी. फिल्टर दुर्बिणीच्या पुढेच, आणि वर बसवलेल्या छोट्या शोधक दुर्बिणीला झाकण.

धरमपेठ_सकाळ

अगदी बरोबर, आणि त्रिमूर्तीनगरवाल्यांनी पुढेच लावलाय हे वाचून मी निश्चिंत होतो म्हणून लिहिलं नाही, लिहायला हवं होतं. फिल्म रोज लावण्याआधी घरातल्या बल्बसमोर धरायची, सुईएवढं छिद्र दिसलं तरी ती फिल्म गेली. आपल्याकडे धुळीने आणि उन्हाने ती लवकर खराब होते.

गच्ची_त्रिमूर्तीनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमची उत्तरं मी तिला जेवताना वाचून दाखवली, ५७ चा हिशोब ऐकून ती ताटावरून उठून वही घेऊन आली. जानेवारीपासूनचे सगळे दिवस काढून रात्री साडेदहापर्यंत भागाकार करत बसली, २६ दिवसांची सरासरी १.६८ आली. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय.

काका, अजून एक विचारतो. पावसाळ्यात काय करायचं? चार महिने वही बंद ठेवायची हे तिला मान्य नाही. आणि कोणता गट फ्लेअर देईल हे आधी ओळखता येतं का?

धरमपेठ_सकाळ

१.६८ चा अर्थ तुमच्या गच्चीवर सगळं ठीक चाललंय. दर चार महिन्यांनी परत काढा, हळूहळू कमी होत जाईल, नजर तयार होते.

पावसाळ्यात वहीत ‘ढग’ असं लिहायचं आणि पान तसंच सोडायचं. कोरं पानसुद्धा नोंदच आहे. बाजूला वेगळी वही करून त्यात उदयपूरचे फोटो बघून काढू दे. फतेहसागर तलावात सौर वेधशाळा आहे तिथे, जगभरात सहा ठिकाणी एकसारख्या दुर्बिणी बसवल्यात त्यातली एक उदयपूरला आहे, म्हणजे सूर्य कुठे ना कुठे दिसतच राहतो. फक्त दोन वह्या मिसळायच्या नाहीत. आपल्या आदित्य एल-१ चे पण फोटो येतात, ते यान जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर बसून सूर्याकडे बघतंय, त्यावरचा एक कॅमेरा पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत बनलाय, आणि फ्लेअरचे एक्स-रे मोजायला दोन वेगळी उपकरणं आहेत.

ओळखण्याचं म्हणाल तर मोठा डाग म्हणजे धोकादायक असं नाही. गोल, गुळगुळीत, एकटा डाग कितीही मोठा असला तरी बहुतेक शांत असतो. बघायचं ते हे, की एकाच राखाडी कडेच्या आत दोन-तीन काळे गाभे अडकलेत का, आकार वेडावाकडा आहे का, आणि कालच्यापेक्षा आज वाढलाय का. चुंबकीय नकाशात उत्तर-दक्षिण ध्रुव काळे-पांढरे दाखवतात, ते एकाच डागात एकमेकांत घुसलेले दिसले की त्याला डेल्टा म्हणतात, मोठे फ्लेअर बहुधा तिथून येतात. तरी नोआवालेसुद्धा प्रत्येक गटाला टक्केच देतात, एम ची शक्यता इतकी, एक्स ची इतकी. तिला पण रोज वहीत स्वतःचा टक्का लिहू दे आणि दुसऱ्या दिवशी आलेखाशी ताडून बघू दे.

आणि तो खोडलेला ठिपका. त्याची तारीख-वेळ वहीत आहे ना? हेलिओव्ह्यूअर नावाची साइट आहे, तारीख आणि ग्रिनिच वेळ टाकली की त्या वेळचा उपग्रहाचा फोटो निघतो. तुम्ही ज्या फोटोशी ताडलं तो बहुतेक आदल्या दिवशीचा होता. बघा एकदा.

गच्ची_त्रिमूर्तीनगर

काका, आत्ताच पाहिलं. तिची वेळ ७:५०, म्हणजे ग्रिनिच २:२०. मी जो फोटो धरून बसलो होतो तो आदल्या संध्याकाळचा निघाला. २:२० च्या फोटोत आहे तो ठिपका. वर्तुळाच्या वरच्या भागात, मधल्या रेषेच्या थोडा डावीकडे, दोन बारके टिंबं जवळजवळ, तिने एकच काढलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या यादीत तो नवीन नंबर घेऊन आलाय, आम्ही यादी पाहिली पण होती पण हा तोच आहे हे डोक्यातच आलं नाही कारण वहीत तो नव्हताच, आणि चित्र आरशातलं असल्यामुळे बाजू पण उलटी.

ती झोपली होती, उठवलं. कागदावर पेन्सिलीचा दाब अजून दिसत होता, टेबल लॅम्प आडवा धरला की बारीक खळगा चमकतो. त्याच खळग्यात तिने परत काळं केलं आणि बाजूला लिहिलं, ‘बाबांनी खोडायला लावला होता, होता तो’. तारीख, वेळ आणि यादीतला नंबर पण लिहिला.

उद्या सकाळी आधी पश्चिम काढणार म्हणते. शॉर्टवेव्हचा रेडिओ माझ्या वडिलांचा माळ्यावर आहे, सेल बदलून बघतो. रेडिओवाले दादा, वीस मीटर म्हणजे डायलवर नेमकं कुठे लावायचं?

रेडिओ_हिंगणा

१४ मेगाहर्ट्झच्या वर, १४ ते १४.३५ मध्ये आम्ही असतो. पण साध्या रेडिओवर हॅमचा आवाज बदकासारखा येईल, त्यापेक्षा ११ ते १२ मेगाहर्ट्झच्या मध्ये कुठलंही मोठं प्रसारण केंद्र पकडा आणि दुपारी चालू ठेवा. एकदम गप झालं तर आधी सेल बघा, मग आलेख.